नेटवर्क बूट नव्या सर्व्हरवर हलवताना: पीएक्सई, डीएचसीपी आणि जुन्या सर्व्हरचा विसरलेला पत्ता

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजच्या लॅबमध्ये गेलात आणि साठच्या साठ कॉम्प्युटरवर एकसारखी नवी कोरी विंडोज दिसली, तर कोणीतरी पेनड्राइव्ह घेऊन साठ वेळा विंडोज टाकत बसलं होतं असं समजू नका. बहुतेक वेळा हे काम एक सर्व्हर करतो. कॉम्प्युटर चालू करायचा, एफ१२ दाबायचं, आणि पुढचं सगळं नेटवर्कच्या केबलमधून येतं. यालाच नेटवर्क बूट म्हणतात.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबचं काम बघतो. आमच्याकडचा हा सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर चालायचा. त्या व्हर्जनचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, म्हणून सगळं नव्या मशीनवर हलवावं लागलं. हे काम वरून सोपं दिसतं: नवा सर्व्हर उभा करा, फाइल्स कॉपी करा, जुना बंद करा. पण फाइल्स हलवणं हा त्यातला छोटा भाग आहे. मोठा भाग म्हणजे जुन्या सर्व्हरचा पत्ता जिथे जिथे लिहून ठेवलाय, त्या सगळ्या जागा शोधणं. आजच्या लेखात आपण मुख्यतः तेच बघणार आहोत. बीएससी आयटी, डिप्लोमा किंवा आयटीआयचा कोपा ट्रेड करणाऱ्यांना तर याचा पुढे नोकरीत थेट उपयोग होईल.

नेटवर्क बूट म्हणजे नेमकं काय?

फोनवरून सुरुवात करू. तुमच्या फोनमध्ये बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम असतो. पॉवर बटण दाबलं की तो आधी जागा होतो आणि फोनच्या स्टोरेजमधून अँड्रॉइड उचलून चालू करतो. कॉम्प्युटरमध्ये हेच काम मदरबोर्डवरचा बायॉस किंवा आताच्या मशीनमधला यूईएफआय करतो. फरक एवढाच की कॉम्प्युटरला हार्डडिस्कशिवाय आणखी एक रस्ता माहीत असतो: डिस्ककडे बघायचंच नाही, सरळ नेटवर्क कार्डाला सांगायचं की बाहेर कोणी ऑपरेटिंग सिस्टिम देतंय का बघ.

या रस्त्याचं नाव पीएक्सई, म्हणजे प्रीबूट एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट. इंटेलने हे ठरवलं, आणि त्याचं २.१ हे व्हर्जन १९९९ मध्ये आलं. आजही जगभरातल्या लॅब, बँका आणि कॉल सेंटरमध्ये मूळ पद्धत तीच आहे. पंचवीस वर्षांहून जुनी गोष्ट आपल्या नव्या लॅपटॉपमध्येही बसलेली आहे हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी तिच्या वयामुळे येतात.

पहिल्या काही सेकंदांत काय घडतं

तुम्ही मित्राला हॉटस्पॉट देता तेव्हा तुमचा फोन त्याच्या फोनला एक आयपी ॲड्रेस वाटून देतो. त्या वेळी तुमचा फोन डीएचसीपी सर्व्हर झालेला असतो. लॅबमध्येही असंच होतं, फक्त पत्ता मागणाऱ्या कॉम्प्युटरकडे अजून ऑपरेटिंग सिस्टिमच नसते.

कॉम्प्युटर नेटवर्कवर दवंडी पिटतो: मला पत्ता द्या, आणि मी पीएक्सई क्लायंट आहे. हे दुसरं वाक्य ऑप्शन ६० नावाच्या रकान्यात जातं. आपला प्रोसेसर आणि फर्मवेअर कोणत्या प्रकारचं आहे तेही तो ऑप्शन ९३ मध्ये सांगतो. दवंडी यूडीपीच्या ६७ नंबरच्या पोर्टवर ऐकली जाते आणि उत्तर ६८ वर येतं.

आता उत्तरं दोन प्रकारची येऊ शकतात. डीएचसीपी सर्व्हर म्हणतो, हा घे पत्ता. बूट सर्व्हर म्हणतो, पत्ता देणं माझं काम नाही, पण बूट व्हायचं असेल तर माझ्याकडे ये. दोन्ही उत्तरं मिळाली की कॉम्प्युटर बूट सर्व्हरकडून एक छोटी फाइल मागतो. ती टीएफटीपी या पद्धतीने येते, पोर्ट ६९ वर. ती छोटी फाइल मग मोठी बूट इमेज ओढते, रॅममध्ये विंडोजची एक छोटी आवृत्ती चालू होते, आणि ती सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमधून खरी विंडोज डिस्कवर टाकते.

यात तुम्हाला किती ठिकाणी सर्व्हरचा पत्ता लागतो बघा. दवंडीला उत्तर देणारा कोण, छोटी फाइल कुठून घ्यायची, मोठी इमेज कुठून, शेअर फोल्डर कुठे. चार टप्पे, आणि चारही टप्प्यांचे पत्ते वेगवेगळ्या जागी लिहिलेले असतात. म्हणूनच सर्व्हर हलवला की पहिले दोन टप्पे चालतात आणि तिसऱ्यावर गाडी अडते, असे प्रकार होतात.

जुना पत्ता कुठे कुठे लपलेला असतो

मी काम सुरू करण्याआधी एका वहीत यादी केली. कॉम्प्युटरवर नाही, वहीतच, कारण रॅकसमोर उभं राहून टिक करायला तीच बरी पडते. आमच्याकडे पुढच्या जागा निघाल्या. तुमच्याकडे एखादी कमी किंवा जास्त असेल.

सगळ्यांत सरळ जागा म्हणजे डीएचसीपीचे ऑप्शन ६६ आणि ६७. ६६ मध्ये बूट सर्व्हरचा पत्ता आणि ६७ मध्ये छोट्या फाइलचं नाव असतं. हे बदलणं दोन मिनिटांचं काम. फक्त एक बघा: हे ऑप्शन पूर्ण सर्व्हरसाठी एकदाच लिहिता येतात, किंवा प्रत्येक स्कोपसाठी वेगळे. एका लॅबच्या स्कोपमध्ये वेगळे लिहिलेले असतील तर वरचा बदल तिथे लागूच होत नाही. सगळे स्कोप उघडून बघा.

दुसरी जागा म्हणजे मोठा स्विच किंवा राउटर. दवंडी गावाच्या वेशीबाहेर ऐकू जात नाही, तसा ब्रॉडकास्ट एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जात नाही. म्हणून स्विचवर निरोप्या बसवलेला असतो, ज्याला रिले किंवा आयपी हेल्पर म्हणतात. तो दवंडी ऐकतो आणि ठरवून दिलेल्या पत्त्यांवर पोहोचवतो. त्या पत्त्यांमध्ये डीएचसीपी सर्व्हर असतो आणि बऱ्याचदा जुना बूट सर्व्हरही असतो. स्विच सांभाळणारा माणूस वेगळा असेल तर त्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा.

तिसरी जागा ॲक्टिव्ह डिरेक्टरी. काही ठिकाणी प्रत्येक कॉम्प्युटरची आधीच नोंद करून ठेवलेली असते, आणि त्या नोंदीत या मशीनला अमुकच सर्व्हरने उत्तर द्यावं असंही लिहिता येतं. अशी नोंद असलेलं मशीन नव्या सर्व्हरजवळ आलं तरी नवा सर्व्हर त्याला जुन्याकडे पाठवू शकतो. शेजारची दोन मशीन अगदी सारखी, एक बूट होतंय आणि एक होत नाही, असं दिसलं की मी आधी इथे बघतो.

चौथी जागा बूट इमेजच्या पोटात असते. मायक्रोसॉफ्ट डिप्लॉयमेंट टूलकिट, म्हणजे एमडीटी, वापरत असाल तर त्यात बूटस्ट्रॅप नावाची सेटिंग फाइल असते आणि तिच्यात शेअर फोल्डरचा पूर्ण पत्ता असतो. ही फाइल इमेज बनवतानाच आत बंद होते. बाहेर फोल्डरमध्ये ती बदलून काहीच होत नाही. बदलल्यावर इमेज पुन्हा तयार करायची आणि ती पुन्हा सर्व्हरवर चढवायची. नाहीतर मशीन नव्या सर्व्हरवरून झकास बूट होतं आणि मग शांतपणे जुन्या सर्व्हरचं शेअर उघडून तिथली जुनी विंडोज टाकतं. जुना सर्व्हर चालू असेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही! तो बंद केला की दुसऱ्या दिवशी बोंबाबोंब.

आणि मग ती जागा, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहावासा वाटला.

ऑप्शन ६० ची गंमत

छोट्या लॅबमध्ये डीएचसीपी आणि बूट सर्व्हर एकाच मशीनवर असणं अगदी कॉमन आहे. पण दोघांनाही पोर्ट ६७ वर ऐकायचं असतं आणि एका पोर्टवर दोघं बसू शकत नाहीत. म्हणून विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेस, म्हणजे डब्ल्यूडीएस, बसवताना दोन टिक करायला लावतं. एक: मी पोर्ट ६७ वर ऐकणार नाही. दोन: डीएचसीपीमध्ये ऑप्शन ६० ला पीएक्सईक्लायंट असं लिहून ठेव.

दुसऱ्या टिकचा अर्थ असा की डीएचसीपी सर्व्हर प्रत्येक उत्तरात सांगतो, बूट सर्व्हरही मीच आहे, पोर्ट ४०११ वर येऊन भेट. क्लायंट तसं करतो, तिथे डब्ल्यूडीएस बसलेलं असतं, काम होतं.

आता तुम्ही डब्ल्यूडीएस नव्या मशीनवर नेलं आणि डीएचसीपी जुन्यावरच ठेवलं. ऑप्शन ६० तिथेच राहिलं. क्लायंट दवंडी पिटतो, डीएचसीपी पत्ता देतं आणि सवयीने म्हणतं, बूट सर्व्हरही मीच. क्लायंट पोर्ट ४०११ वर जातो. तिथे कोणीच नाही. थोडा वेळ वाट बघून तो पीएक्सई-ई५५ ही एरर दाखवतो, म्हणजे ४०११ वर प्रॉक्सी डीएचसीपीने उत्तर दिलं नाही. नवा सर्व्हर शेजारीच हजर आणि तयार असतो, पण क्लायंट त्याचं ऐकायलाच थांबत नाही.

यातली वाईट गोष्ट अशी की शोधणारा माणूस नव्या सर्व्हरकडेच बघत बसतो, कारण बदल तिथे झालेला असतो. सर्व्हिस रीस्टार्ट करतो, फायरवॉल बंद करून बघतो, इमेज परत बनवतो. चूक मात्र त्या मशीनवर असते ज्याला त्याने हातच लावलेला नाही. त्यामुळे नियम साधा ठेवा: डीएचसीपी आणि बूट सर्व्हर वेगळ्या मशीनवर गेले की ऑप्शन ६० काढून टाकायचं. आणि दोन्ही एकत्रच नव्या मशीनवर जात असतील तर ते तिथे पुन्हा लिहावं लागेल.

एक दिलासा: पीएक्सईला आठवण नसते. प्रत्येक वेळी चालू होताना कॉम्प्युटर नव्याने दवंडी पिटतो, त्यामुळे डीएचसीपीतला बदल पुढच्याच बूटला दिसतो. लीज संपायची वाट बघायला नको.

ऑप्शन ६६-६७ की आयपी हेल्पर?

यूट्यूबवर नव्वद टक्के लोक ऑप्शन ६६ आणि ६७ भरायला सांगतात असं वाटण्याइतके ते व्हिडिओ आहेत. माझं मत वेगळं आहे, आणि मायक्रोसॉफ्टचाही सल्ला आयपी हेल्पर वापरा असाच आहे.

कारण ऑप्शन ६७ मध्ये फाइलचं एकच नाव मावतं. जुन्या बायॉस मशीनला एक फाइल लागते, यूईएफआय मशीनला दुसरी, जिच्या नावाच्या शेवटी डॉट ईएफआय असतं. लॅबमध्ये दोन्ही प्रकारची मशीन असली, आणि आपल्याकडे बहुतेक लॅबमध्ये असतातच कारण खरेदी तुकड्यातुकड्यांत होते, तर एक नाव लिहिलं की दुसऱ्या प्रकारची मशीन अडकतात. आयपी हेल्परमध्ये दवंडी थेट बूट सर्व्हरपर्यंत जाते. तो ऑप्शन ९३ वाचतो आणि ज्याला जी फाइल लागते ती देतो.

स्विचला हात लावायची परवानगीच नसेल तर विंडोजच्या डीएचसीपीमध्ये पॉलिसी करता येते. क्लायंटच्या ओळखीत आर्च ०००००० असं नाही, तर पाच आकडी आर्च ००००० आलं तर बायॉस, ०००७ च्या आधी एक शून्य लावून ००००७ आलं तर ६४ बिटचं यूईएफआय. त्यानुसार वेगळं फाइल नाव. आकडे मोजून लिहा, एक शून्य कमी-जास्त झालं की पॉलिसी लागत नाही.

६६ मध्ये सर्व्हरचं नाव लिहू नका, आयपी ॲड्रेस लिहा. त्या क्षणी कॉम्प्युटरकडे जेमतेम नेटवर्क असतं, नावावरून पत्ता शोधण्याचं काम प्रत्येक नेटवर्क कार्डाला जमेल याचा भरवसा नसतो.

नव्या सर्व्हरला जुनाच आयपी द्यावा का?

हा प्रश्न हमखास येतो. जुना बंद करायचा, त्याचा आयपी नव्याला द्यायचा, मग कुठेच काही बदलायला नको! ऐकायला छान. पण मग दोन्ही सर्व्हर एकाच वेळी चालू ठेवून तपासणी करता येत नाही, आणि काही बिघडलं तर मागे फिरायला जागा उरत नाही. शिवाय वर सांगितलेलं ऑप्शन ६० आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या नावाने केलेल्या नोंदी त्याने सुटतही नाहीत. मी नवा पत्ताच दिला.

काय कॉपी करायचं, काय नाही

जुन्या सर्व्हरवर रिमोटइन्स्टॉल नावाचं मोठं फोल्डर असतं. ते उचलून नव्यावर टाकायचा मोह होतो. टाकू नका. रोल नव्याने बसवा, फोल्डर त्याला स्वतःला बनवू द्या, आणि जुन्या सर्व्हरवरून इमेज एक्स्पोर्ट करून नव्यावर एकेक चढवा. यात बूटच्या छोट्या फाइल्स नव्या व्हर्जनच्या येतात, आणि कोणीही वापरत नसलेल्या विंडोज ७ च्या इमेज आपोआप मागे राहतात. एमडीटीचं शेअर फोल्डर मात्र जसंच्या तसं कॉपी करून चालतं, फक्त बूटस्ट्रॅपचं वर सांगितलेलं विसरू नका.

इथे आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. डब्ल्यूडीएस ही आता उतरणीला लागलेली गोष्ट आहे. विंडोज ११ च्या डीव्हीडीतली बूट फाइल थेट डब्ल्यूडीएसवर टाकून इन्स्टॉल करायची जुनी सोपी पद्धत मायक्रोसॉफ्टने बंद केली. स्वतः बनवलेली बूट इमेज त्यावरून अजून चालते. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे लॅबला विंडोज ११ कडे जावंच लागतं. त्यामुळे सर्व्हर हलवताना तीच गोष्ट पुन्हा बसवायची की दुसरी, हे आधी ठरवा. पैसे नसलेल्या कॉलेजसाठी लिनक्सवर चालणारा फॉग प्रोजेक्ट हा मोफत, ओपन सोर्स पर्याय आहे. आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्रामही ओपन सोर्स आहे आणि तो टीएफटीपीऐवजी एचटीटीपीवरून, म्हणजे वेबसाइट उघडते तशा पद्धतीने, इमेज ओढू शकतो.

त्याचा फायदा आकड्यात सांगतो. टीएफटीपीचं आजचं मूळ रूप १९९२ चं. ते ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतं, पोच येईपर्यंत थांबतं, मग पुढचा. बूट इमेज ५१२ एमबीची असेल तर १० लाख ४८ हजारांहून जास्त वेळा हे पोचपावतीचं नाटक होतं. तुकड्याचा आकार १४५६ बाइट केला तर तेच साधारण ३ लाख ६९ हजारांवर येतं. डब्ल्यूडीएसच्या सेटिंगमध्ये हा आकार बदलता येतो. नेटवर्कच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यामुळे तुकडा फार मोठा केला तर तो फुटतो, आणि काही कार्डांना फुटलेले तुकडे जोडता येत नाहीत. नव्या सर्व्हरवर बूट अचानक हळू वाटलं तर जुन्यावर हा आकडा कोणीतरी वाढवून ठेवला होता का ते बघा.

फायरवॉलचा एक बारकावा

नव्या सर्व्हरवर पोर्ट ६७, ६९ आणि ४०११ उघडले की झालं असं वाटतं. पण टीएफटीपी फक्त पहिली हाक ६९ वर ऐकतं. फाइल पाठवायला ते दुसरंच एखादं पोर्ट निवडतं. मधल्या फायरवॉलने ते अडवलं तर क्लायंटला पत्ता मिळतो, फाइलचं नाव मिळतं, आणि मग पीएक्सई-ई३२, म्हणजे टीएफटीपी टाइमआउट. सर्व्हरवर पोर्टची एक रेंज ठरवून द्या आणि तेवढी उघडा. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवणं हा उपाय नव्हे.

इथे चूक म्हणजे डेटा गेला

आत्तापर्यंतच्या चुकांमध्ये फार तर कॉम्प्युटर बूट होत नाही. याच्या उलट चूक जास्त महाग असते: बूट व्हायला नको ते बूट होणं. पीएक्सईमध्ये पासवर्ड नसतो. जो दवंडीला उत्तर देईल त्यावर कॉम्प्युटर विश्वास ठेवतो.

समजा मशीनच्या बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क सगळ्यांत वर आहे. सर्व्हरवर एफ१२ न विचारता पुढे जा अशी सेटिंग आहे. आणि इमेज पूर्ण ऑटोमॅटिक आहे, डिस्क फॉरमॅट करून विंडोज टाकणारी. आता एखाद्या प्राध्यापकांनी नुसतं रीस्टार्ट केलं तरी त्यांच्या मशीनला फॉरमॅट मारला जाईल. जुन्या सर्व्हरवर एफ१२ ची अट असेल आणि नव्यावर ती काढलेली असेल, तर सर्व्हर हलवल्याच्या पहिल्याच सकाळी हे घडू शकतं.

हे काल्पनिक वाटत असेल तर अमेरिकेतल्या अटलांटामधल्या एमरी युनिव्हर्सिटीचं उदाहरण बघा. मे २०१४ मध्ये तिथे विंडोज ७ टाकायचं काम चुकून सगळ्या विंडोज मशीनना पाठवलं गेलं. डेस्कटॉप, लॅपटॉप, सर्व्हर, सगळेच. लक्षात येईपर्यंत ते काम पाठवणारा सर्व्हर स्वतःच फॉरमॅट झाला होता. ती यंत्रणा सेंटरमधून हुकूम देणारी होती, आपल्या छोट्या लॅबसारखी नव्हे, पण धोका एकाच जातीचा आहे.

म्हणून नव्या सर्व्हरवर मी तीन गोष्टी आधी केल्या आणि मगच केबल लावली. एफ१२ दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही. अनोळखी मशीनला ॲडमिनने मंजुरी दिल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. आणि ऑटोमॅटिक फाइलमधून डिस्क पुसण्याचा भाग काढून, ती पायरी माणसाने स्क्रीनवर निवडायची. साठ मशीनला साठ वेळा क्लिक करावं लागतं, लागू दे. आमची लॅब ऑनलाइन परीक्षांनाही दिली जाते, तिथे ही रिस्क घ्यायची नाही.

दोन्ही सर्व्हर चालू ठेवून बदल कसा करायचा

एका रात्रीत सगळं हलवू नका. आयपी हेल्पर व्हीलॅनप्रमाणे असतो, याचा फायदा घ्या. एकाच लॅबच्या व्हीलॅनमध्ये जुन्या सर्व्हरच्या जागी नव्याचा पत्ता लिहा, बाकी सगळे जुन्यावर राहू द्या. दोन्ही सर्व्हर एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर डब्ल्यूडीएसमध्ये उत्तर देण्याआधी किती सेकंद थांबायचं ही सेटिंग आहे. जुन्याला थोडे सेकंद थांबवा, म्हणजे नवा आधी उत्तर देतो आणि नवा पडला तर जुना सांभाळून घेतो.

तपासणी मशीनच्या संख्येवर नको, मॉडेलवर करा. लॅबमध्ये चार प्रकारची मशीन असतील तर प्रत्येकी एक घ्या आणि शेवटपर्यंत विंडोज टाकून बघा. फक्त निळी स्क्रीन आली म्हणून टिक करू नका, कारण नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये नसेल तर अडचण त्यानंतरच येते: छोटी विंडोज चालू होते पण शेअर फोल्डर सापडत नाही.

यूईएफआय मशीनवर सिक्युअर बूट चालू ठेवूनच तपासा. मायक्रोसॉफ्टची २०११ ची सिक्युअर बूट सर्टिफिकेट जून २०२६ पासून मुदतीबाहेर जाऊ लागतात आणि त्यांच्या जागी २०२३ ची येत आहेत. ज्या मशीनमध्ये जुन्या सर्टिफिकेटवरचा विश्वास काढून टाकलाय, तिथे जुन्या बूट फाइल्स चालत नाहीत. रिमोटइन्स्टॉल फोल्डर कॉपी करू नका म्हणालो त्याचं हे दुसरं कारण.

एरर वाचायची कशी

ई५५ आपण बघितली, ई३२ सुद्धा. पीएक्सई-ई५१ आली तर दवंडीला कोणीच उत्तर दिलं नाही: केबल, स्विचचं पोर्ट, रिले बघा. यूईएफआय मशीनवर हेच ई१६ म्हणून दिसतं. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलचं नाव नाही मिळालं, म्हणजे डीएचसीपी जिवंत आहे आणि बूट सर्व्हरपर्यंत दवंडी पोहोचलेली नाही. ई१८ म्हणजे सर्व्हरचा पत्ता कळला पण तो बोलत नाही.

ई५१ कधी येते कधी नाही, असं झालं तर स्विचचं स्पॅनिंग ट्री तपासा. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये केबलला जीव आल्यावर पोर्ट साधारण ३० सेकंद काहीच पुढे जाऊ देत नाही, आणि तोवर काही कॉम्प्युटर कंटाळून हार मानतात. लॅबच्या पोर्टवर पोर्टफास्ट चालू केलं की हे थांबतं.

घरी करून बघायचं असेल तर

सर्व्हर नको, लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन मशीन बनवा. एकावर लिनक्स आणि डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम, जो डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही करतो. दुसरं मशीन रिकामं, बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क वर. नेटवर्क प्रकार इंटर्नल नेटवर्क निवडा. ब्रिज्ड अजिबात नको, नाहीतर तुमचं डीएचसीपी होस्टेलच्या किंवा ऑफिसच्या खऱ्या नेटवर्कवर पत्ते वाटायला लागेल आणि सगळ्यांचं इंटरनेट जाईल. फोनच्या हॉटस्पॉटवर हा प्रयोग होत नाही, पीएक्सईला केबल लागते, खरी किंवा खोटी. चालू झालं की मुद्दाम ऑप्शन ६० लिहून बघा आणि काय बिघडतं ते पाहा.

जुना सर्व्हर बंद करताना

शेवटच्या व्हीलॅनचा रिले बदलल्यावर जुन्या सर्व्हरवर कोणालाही उत्तर देऊ नको ही सेटिंग करा, पण मशीन बंद करू नका. महिनाभर त्याचं शेअर फोल्डर कोण उघडतंय ते बघत राहा. आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात एका मशीनने ते उघडलं. लायब्ररीतलं मशीन होतं, आणि त्याच्या ड्रॉवरमध्ये जुन्या बूट इमेजवरून बनवलेला एक पेनड्राइव्ह निघाला, ज्याची नोंद वहीत नव्हती. तो पुन्हा बनवला. महिनाभर कोणी आलं नाही की शेअर काढा, ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि डीएचसीपीमधली नोंद काढा, आणि भंगारात देण्याआधी डिस्क पूर्ण पुसा. ऑटोमॅटिक इन्स्टॉलच्या फाइल्समध्ये ॲडमिनचा पासवर्ड सहज वाचता येईल असा लिहिलेला असतो. तो पासवर्डही त्याच दिवशी बदला.